सांध्यापाशी धरलेली उदबत्ती

दिगंबर तांडेल यांच्यावर अन्याय झाला तो दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. टेस्ट रूममधल्या पाईपची गळती कळवणारा त्यांचा अर्ज त्या वेळी ऑफिसातून परत आला. अर्जावर लाल शाईत दोन ओळी होत्या आणि मागे टाचणीनं एक छापील कागद लावला होता. पुढे थंडीत, एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, ते त्याच खोलीत स्टुलावर बसल्या बसल्या गेले. लोक मंगळवार लक्षात ठेवतील. माझं म्हणणं आहे, शुक्रवार लक्षात ठेवा.

बघ, जमत नाहीये. 'यांच्यावर' काय, 'त्यांचा' काय! पत्रकं लिहून लिहून हाताला हेच वळण पडलंय. तुला मी अहोजाहो केलं ते पहिली दहा मिनिटं. मग तूच म्हणालास, "बाय, 'तुम्ही' म्हटलंस की मला वाटतं माझ्या पाठी कोणतरी साहेब उभा हाय." तेव्हा दिगूदादा, हे मी तुलाच लिहितेय. बाकीच्यांनी बाजूला उभं राहून ऐकावं.

ज्यांना आपला कारखाना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते: अंधेरी पूर्वेला, औद्योगिक वसाहतीत, आम्ही छोटी पेट्रोल इंजिनं बनवतो. शेतातल्या पंपाची, लग्नाच्या मांडवात लाइट गेली की धडधडणारी. बाहेर जाण्याआधी प्रत्येक इंजिन एका बंद खोलीत चालवून बघतात. त्या खोलीत तू चौदा वर्षं होतास.

पहिल्या दिवशी मी तिथे गेले तेव्हा डिप्लोमाची शाई ओली होती. इन्स्पेक्शनमधली एकुलती एक मुलगी, बोरीवलीहून कडक इस्त्रीच्या कपड्यात आलेली, हातात क्लिपबोर्ड. आत दोन इंजिनं चालू. तू ओरडून विचारलंस, "काय मोजायला आलीस?"

"एक्झॉस्ट."

"मग हात दे."

आणि धूर सोडणाऱ्या पाईपच्या तोंडापासून वीतभर लांब माझा तळवा धरलास. "काय लागतं?"

"गरम."

"गरम तर तवा पण लागतो. नीट सांग."

"ओलसर. आणि ठोके."

"ठोके सारखे हायत का?"

मी डोळे मिटले. "एक मध्येच चुकतोय."

तू मागे वळून फर्नांडिसला म्हणालास, "ही शिकेल रे! ओढणी तेवढी बाहेर ठेवायला सांग, नायतर पट्ट्यात जाईल नि आपली वाट लागेल." फर्नांडिस, तुझ्याबरोबर त्या खोलीत काम करणारा, मरोळचा, जन्मभर तुझ्याशी फुटबॉल आणि मासे या दोनच विषयांवर भांडलेला. तो नुसता हसला. त्या दिवसापासून माझी ओढणी दाराबाहेरच्या खिळ्याला टांगलेली असायची. कालही मी त्या खिळ्याकडे बघितलं. दाराला कुलूप आहे, खिळा आहे.

मग तो सेन्सर आला. आठवतंय? भुशानं भरलेल्या लाकडी पेटीत, कापसात गुंडाळलेला, अंगठ्याएवढा तुकडा. परदेशातून मागवलेला. टोकाला बारीक भोकांची टोपी, आत चिनीमातीसारखी पांढरी नळी, मागून निघालेली एक वायर. इंजिनाच्या धुरात प्राणवायू किती उरलाय ते हा सांगणार आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते आपण ठरवणार. साहेबांनी इंग्रजी पुस्तिका तुझ्यापुढे टाकली, "वाचून घ्या," आणि गेले. तू ती उचलून माझ्या मांडीवर टाकलीस. "वाचून घे."

त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत आपण तिघं मागच्या जिन्यावर बसायचो. मी अर्थ लावायचे, तू भाकरीत सुका बोंबील धरून ऐकायचास. नळीच्या बाहेरून इंजिनाचा धूर, नळीच्या आत खोलीतली साधी हवा. दोन्हीकडच्या प्राणवायूत जेवढा फरक तेवढी वीज. धुरातला प्राणवायू संपला असेल तर मीटरचा काटा उजवीकडे, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. प्राणवायू उरला असेल तर काटा डावीकडे, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी.

तू बराच वेळ चावत राहिलास. मग म्हणालास, "म्हणजे ते इंजिनाचा श्वास आपल्या श्वासाशी ताडून बघतं."

"असं पुस्तिकेत लिहिलेलं नाही."

"पुस्तिका लिहिणारा काय हितं बसलाय धूर खात?"

मी तेव्हा हसले होते. आता ते वाक्य मला चावतं.

सेन्सर बसवला त्या दिवशी साहेब, त्यांचे दोन पाहुणे, सगळे मीटरभोवती उभे. इंजिन चालू केलं आणि काटा ढिम्म. साहेबांचं तोंड उतरलं. तू हातानं थांबा म्हणून खूण केलीस. पाईप तापायला तीन-चार मिनिटं गेली आणि काटा थरथरून उठला. पुस्तिकेतलं एवढं तुझ्या पक्कं लक्षात होतं, थंड असताना हे मुकं असतं. माझ्याकडे बघून तू सगळ्यांसमोर म्हणालास, "अगदी आपल्या वासंतीबाईंसारखं. तापल्याशिवाय बोलत नाय."

झालं! दुसऱ्या दिवसापासून मशीन शॉपपासून कँटीनपर्यंत मी सगळ्यांची 'सेन्सर'. ए सेन्सर, चहा घेणार? सेन्सर, आज कुणाला झोडलं पत्रकात? मला राग यायचा आणि आवडायचंही. कारखान्यात पोरीला नाव मिळणं म्हणजे जागा मिळणं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. तुला कळत होतं.

आता तुझ्या डोकेदुखीबद्दल लिहायला हवं. मागच्या इमारतीतल्या सोसायटीनं आवाजाची तक्रार केली आणि टेस्ट रूमचं शटर कायमचं खाली आलं. गणपतीच्या आधी धूर बाहेर फेकणाऱ्या पंख्याची मोटर जळाली. ती रिवाइंडिंगला गेली ती गेलीच, भिंतीतल्या भोकाला प्लायवूड ठोकलं. तू कपाळ दाबून बसायला लागलास. दुपारी फर्नांडिसचं पण डोकं जड व्हायचं. तुम्ही दोघं त्याला 'खोलीचं डोकं' म्हणायचात, जसं काही तो एक तिसरा माणूस होता आणि रोज कामाला यायचा. रविवारी येत नसे. मी काय केलं? पर्समधल्या गोळ्या दिल्या. वर ऐकवलं, "चहा कमी कर, चष्म्याचा नंबर काढून घे." दिगूदादा, रविवारी न दुखणारं डोकं! कामगारांच्या आरोग्यावर मी चार पानी पत्रक लिहिलं होतं रे. माझ्याच शेजारी बसलेला माणूस सांगत होता आणि मी त्याला चष्मा लावत होते.

नवरात्रात काटा बिघडला. म्हणजे साहेबांच्या भाषेत बिघडला. प्रत्येक इंजिनाला तो डावीकडे जाऊन बसायचा, प्राणवायू जास्त, पेट्रोल कमी. साहेब म्हणाले, पेट्रोल वाढवा. तू स्पार्क प्लग काढून दाखवलास, काजळी धरून काळाकुट्ट.

"साहेब, पेट्रोल आधीच जास्त जातंय. प्लग बघा."

"काट्याला जास्त अक्कल की तुला?"

"काटा खोटं बोलत नाय. पण त्याला जे हुंगायला मिळतं तेवढंच तो सांगणार ना?"

साहेबांनी पेट्रोल वाढवायला लावलं. धूर आणखी जाड झाला. काटा डावीकडेच.

आणि मग ती दुपार. मी दाराच्या काचेतून आत बघितलं. तू इंजिनासमोर उकिडवा बसलेला, डोळे अर्धे मिटलेले, हातात पेटलेली उदबत्ती, आणि ती तू पाईपच्या कडेकडेनं हळूहळू फिरवत होतास. दसरा जवळ आलेला, शॉपमध्ये झेंडूच्या माळांची ऑर्डर गेलेली. मला काय दिसणार? मला पूजा दिसली. पत्रकं काढणाऱ्या आमच्या मंडळाच्या भाषेत सांगायचं तर मला विषय मिळाला.

दारापासून तुझ्यापर्यंत दहा पावलं होती. मी ती चालले नाही. घरी गेले, बसले आणि एका बैठकीत लिहून काढलं: 'यंत्राला उदबत्ती, कामगाराला अंधार'. परदेशी सेन्सर बसवलेल्या पाईपला उदबत्ती ओवाळणारा कामगार, त्याचं भाबडेपण, त्याच्या अज्ञानावर पोसलेली व्यवस्था. नाव घातलं नव्हतं. त्याची गरज नव्हती, आख्ख्या कारखान्यात असा पाईप एकच. चांगलं जमलं होतं, सांगते ना. मंडळात टाळ्या मिळाल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते सायक्लोस्टाइल करून गेटवर वाटलं तेव्हा साहेब गाडीतून उतरले, एक प्रत घेतली, उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाले, "छान लिहिलंय." मॅनेजमेंटला आवडलेलं आमचं पहिलं पत्रक. शंका तिथंच यायला हवी होती.

तू पण घेतलंस. घडी करून वरच्या खिशात ठेवलंस. म्हणालास, "शाई पसरलीय गं. रोलर पुसत जा."

दोन दिवसांनी तू अर्ज दिलास. तुझ्या त्या ठसठशीत, सरळ अक्षरात: इंजिनाला पाईप जोडतो त्या सांध्यातून गळती आहे. धूर खोलीत येतो. सेन्सर त्या सांध्याच्या पुढे असल्यामुळे त्याला बाहेरची हवा मिळते. सांधा नवीन करावा, शटर उघडावं, पंखा बसवावा. एवढंच. अर्ज परत आला तो शुक्रवारी, चार वाजून दहा मिनिटांनी. वेळ मला इतकी नेमकी ठाऊक आहे कारण मी तिथंच होते, माझ्या शीटवर त्या इंजिनाची वेळ टाकत होते. लाल शाईत लिहिलं होतं: 'सेन्सर सदोष, काढून ठेवावा. बाकीच्यासाठी सोबतचे पत्रक वाचावे.'

सोबतचं पत्रक माझं होतं.

फर्नांडिसनं वाचलं आणि माझ्याकडे न बघता बाहेर निघून गेला. तू टाचणी काढलीस, ती डब्यात टाकलीस, अर्ज एकीकडे, पत्रक एकीकडे ठेवलंस. मला म्हणालास, "रविवारी काय करतेस? आमच्याकडं ये. वहिनीनं बोलावलंय." वहिनीनं बोलावलं नव्हतं. तिला मी येणार हे मी दारात उभी राहिल्यावर कळलं.

वेसाव्याला तुझ्या घरी तू वेगळाच माणूस. आवाज चढा, लुंगी वर खोचलेली, चार घरं ओलांडून कुणालातरी शिवी. पारूवहिनी अंधेरीच्या मार्केटात मासे विकणारी, तोंडानं फटकळ, हातानं सढळ. "ये गो बाय, बस. ही ती पत्रकवाली? एवढीशी हाय की!" ताटात आधी पडली ती तळलेली मांदेली, मग पुढचं बोलणं.

जेवायच्या आधी तू मला खाडीत लागलेल्या तुझ्या भावाच्या बोटीवर नेलंस. होडी निघण्याआधी नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाशी, देवीला उदबत्ती दाखवायची, हे तुमच्याकडे रोजचंच. भावानं दाखवली. तूही दोन्ही हात जोडलेस, अगदी मनापासून. मी बाजूला उभी, हाताची घडी. मग तीच काडी घेऊन तू खाली इंजिनाच्या पेटीशी उतरलास आणि मला ओढलंस.

"धूर बघ. काडी नको बघू, धूर बघ."

भावानं इंजिन चालू केलं. तू पाईपच्या कडेनं काडी फिरवत गेलास. धूर सरळ वर जात होता, धाग्यासारखा. एका जागी तो मोडला. आत ओढला गेला, लगेच बाहेर ढकलला गेला. आत, बाहेर, आत, बाहेर, इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला.

"ठोका मारतो तेव्हा धूर बाहेर येतो. दोन ठोक्यांच्या मधी पाईप रिकामा होतो, तेव्हा बाहेरची हवा आत खेचतो. भोक एकच, येणं-जाणं दोन्ही. आमच्या बापाला हे पूजा करतानाच दिसलं. त्याच्याकडं काय सेन्सर होता?"

तू पाना घेऊन नट आवळलास. धूर पुन्हा सरळ झाला.

 डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. टेस्ट रूमच्या सांध्यातून बाहेरची हवा आत जायची म्हणून सेन्सरला प्राणवायू दिसायचा, म्हणून काटा डावीकडे. आणि ज्या भोकातून हवा आत जायची त्याच भोकातून धूर बाहेर, बंद खोलीत, तुमच्या छातीत. सदोष म्हणून कपाटात बंद केलेला सेन्सर पूर्णवेळ खरं सांगत होता. त्याचं ऐकलं एका माणसानं, आणि त्या माणसावर मी पत्रक काढलं.

पण मी मी आहे ना. मी वाद घातला. "ठीक आहे, ही तपासणी झाली. पण मग नाळेवरची पूजा कशाला? दोन्हींतलं एक काहीतरी सांग. ही पूजा आहे की तपासणी?"

"एका काडीत दोन्ही होतात. तुझं काय जातं?"

"जातं. लोकांना वाटतं पूजेनंच इंजिन चालतं."

"कुठल्या लोकांना? माझ्या भावाला विचार. ए बाळ्या, इंजिन कशानं चालतं?"

"डिझेलनं," बाळ्या वरून ओरडला. "नि तुझ्या कटकटीनं बंद पडतं."

तू इतका हसलास की खोकला आला. मी चिडून म्हटलं, "हसू नको, मुद्द्याचं बोल." तू डोळे पुसत म्हणालास, "मुद्दा? मुद्दा असा की तू काचेतून बघितलंस. दार उघडं होतं."

एवढंच. त्यापलीकडे तू मला कधी काही बोलला नाहीस. आणि हा वाद आपला अर्धाच राहिला. मला अजूनही वाटतं की माझ्या म्हणण्यात दम आहे, पूजा निराळी ठेवावी, तपासणी निराळी. तू असतास तर आज पण भांडले असते. दिगूदादा, जिंकलेले वाद विसरायला होतात रे. हा तू असा मधेच टाकून गेलास, आता मी दोन्ही बाजूंनी बोलत बसते. तुझी बाजू मला तुझ्याएवढी नीट मांडता येत नाही.

त्या रविवारी परत निघताना वहिनीनं जवळ्याची चटणी बांधून दिली. तू रिक्षापर्यंत सोडायला आलास. तेव्हा 'माझं चुकलं' म्हणायला पूर्ण रस्ता होता. मी तुला काय सांगितलं? की मी दुसरं पत्रक काढते, सगळं खुलासेवार, आकृतीसकट. तू म्हणालास, "काढ. पण रोलर पूस."

मंडळात विषय काढला तर म्हणाले, आपलीच चूक आपण छापायची? लोक गोंधळतील. मग महागाईचं पत्रक आलं, मग पाण्याचं. तुझ्या पत्रकाचं स्टेन्सिल मी अर्धं कापून ठेवलं होतं. सांध्याची आकृती नीट येत नव्हती हे मी स्वतःला सांगत राहिले. खरं कारण वेगळं होतं, आणि ते इथे लिहून टाकते: मला लाज वाटत होती, आणि लाज वाटतेय हे कबूल करायची त्याहून जास्त. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊनही मी हे सांगू शकले असते. गेले नाही. तू मात्र रोज त्या खोलीत जात होतास, खिशात उदबत्तीचा पुडा घेऊन.

तो मंगळवार. ऑर्डर घाईची होती. "हे एक उरकतो नि येतो," असं तू म्हणालास. फर्नांडिस हात धुवायला गेला. मी कँटीनमध्ये तुझ्यासाठी जागा धरून बसले, तुझा डबा समोर. उशीर झाला म्हणून डबा उघडून तुझी चटणी मी खाल्ली. तू आलास की "सेन्सरनं परत हुंगून काढलं" म्हणून ओरडशील, या मजेत. फर्नांडिस धावत आला तेव्हा माझ्या बोटांना चटणी होती.

डॉक्टरांनी हृदय लिहिलं. मी डॉक्टर नाही. तुझं हृदय थांबलं हे खरं, का थांबलं ते मी शपथेवर सांगू शकत नाही, आणि न बघितलेलं लिहायचं नाही एवढं मी तुझ्याकडून, उशिरा का होईना, शिकलेय. जे बघितलं ते लिहिते: शटर खाली होतं. पंख्याच्या जागी प्लायवूड होतं. सांधा तोच होता.

परवा, तुझ्या दहाव्याला, ऑफिसातून एक कारकून आला. एका पिशवीत तुझ्या वस्तू. कंगवा, चष्म्याचं रिकामं घर (म्हणजे तू माझं ऐकून नंबर काढायला गेला होतास की काय?), उदबत्तीचा अर्धा पुडा, घडी केलेलं एक पत्रक. आणि वहिनीच्या अंगठ्यासाठी एक टाईप केलेला कागद. वहिनी म्हणाली, "वाच गो सेन्सर." मी वाचलं. 'परिचालकाने एक्झॉस्ट पंखा चालू न करता, निष्काळजीपणाने, बंद खोलीत इंजिन चालविले.'

घरात चाळीसेक माणसं होती. वहिनी रडायची थांबली. "पंखा? कुठला पंखा? मी रोज इचारायची त्याला, आला का पंखा तुमचा? रोज म्हणायचा, येल, येल. नसलेला पंखा त्यानं कसा चालू करायचा, ते पण लिवलंय का त्यात?"

कारकून म्हणाला, "बाई, ही नुसती पद्धत आहे. अंगठा द्या, सोमवारपासून खोली सुरू करायचीय."

"नाय देणार. हातानं इंजिन ऐकणारा माणूस तो. त्याला बेफिकीर म्हटलेलं आधी पुसा." मग तिनं मान वळवली. "नि तू? तू पण कायतरी लिवलं व्हतंस ना त्याच्यावर?"

"हो."

"मग तू पण पूस."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पुसता येत नाही, दिगूदादा. तीनशे प्रती गेटवर वाटल्या, त्या कुणाच्या घरी, कुणाच्या खिशात, एक तुझ्या. पण छापलेल्या गठ्ठ्यातल्या बऱ्याच प्रती माझ्या खाटेखाली पडून होत्या. त्यांची पाठ कोरी आहे. हे मी त्या पाठीवर छापतेय. रोलर दोनदा पुसलाय, बघ, शाई पसरलेली नाही. खाली सांध्याची आकृती पण आहे. फर्नांडिसनं काढून दिली, माझ्याकडे न बघता, पण दिली.

मला तुझा 'हात दे' आठवत राहील. तूच शिकवलंस की मोजायच्या आधी हात पुढे करायचा असतो, आणि मी मात्र नेमकं तुझ्याच बाबतीत काचेतून मोजलं. ही शिकवणी फुकटची नव्हती आणि तिची फेड तुला होणार नाही. कुणाला झाली तर सोमवारी त्या खोलीत जाणाऱ्या दोघांना होईल. त्यातला एक फर्नांडिस आहे.

आता तुझ्याशी थांबते. हा कागद ज्याच्या हातात आहे त्याच्याशी बोलायचंय.

कागद उलटा. मागची बाजू वाचा, पूर्ण वाचा, फाडू नका. दोन्ही बाजू एकाच बाईनं लिहिल्यात. वहिनीला आलेल्या कागदावरून 'निष्काळजीपणाने' हा शब्द निघेपर्यंत कुणी कसल्याही साक्षीची सही करू नका. आणि सोमवारी सकाळी आठच्या पाळीला येताना खिशात एक उदबत्ती आणि काडेपेटी आणा. तुमचा देवावर विश्वास असो नसो, मला कर्तव्य नाही. टेस्ट रूमच्या दारात थांबू नका, आत या. पेट्रोलची टाकी भिंतीपलीकडे आहे, तरी वाळूची बादली जवळ घ्या. शटर वर करा. इंजिन चालू करा. सांध्यापाशी काडी धरा आणि धूर बघा. तो एकदा जरी आत-बाहेर हलला तर इंजिन बंद करा, आणि साहेब स्वतः येऊन उभे राहिले तरी पुन्हा चालू करू नका.